बॉट अडवायला दार लावलं आणि माणसंच बाहेर राहिली. काय करावं?

वसमतची_केंद्रवाली

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विम्याचे अर्ज, ई-पीक पाहणी, पोरांची शिष्यवृत्ती, दिवसभर हेच चालू असतं. त्याच्या जोडीला आम्ही तिघंजण हळद उत्पादकांसाठी इंटरनेटवर चर्चेची एक जागा चालवतो: मी, एक निवृत्त कृषी सहायक काका आणि एक तरुण हळदवाला. व्हॉट्सअ‍ॅपचे गट होतेच, पण तिथं १०२४ माणसांची मर्यादा. शिवाय मागच्या जूनमध्ये कुणी सांगितलेलं यंदाच्या जूनमध्ये शोधून सापडत नाही, सुप्रभातच्या फोटोंखाली गाडलेलं असतं. म्हणून ही वेगळी जागा काढली. वसमत, औंढा, कळमनुरी, अर्धापूर, पूर्णा इकडचे लोक आले. बेणं कुठून आणावं, गादीवाफा केवढा धरावा, शिजवायचं भाडं काय चाललंय, मोंढ्यात आज काय भाव निघाला, इथपासून ते पोराला हळदीत ठेवावं की पुण्याला पाठवावं इथपर्यंत सगळं बोललं जायचं. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर बाहेरचे लोकही डोकावायला लागले.

आणि बॉटही आले, म्हणजे माणसाचं सोंग घेऊन आपोआप लिहिणारी सॉफ्टवेअरं. पहिली जात ओळखायला सोपी होती. रात्री दोन वाजता इंग्रजीत कर्जाच्या नाहीतर जुगाराच्या लिंका टाकायच्या. सकाळी उठून पुसून टाकलं की झालं. खरा त्रास दुसऱ्या जातीचा आहे. ही मराठी लिहिते, शुद्धलेखनही आपल्यापेक्षा चांगलं.

ऑगस्टमध्ये एका बाईंनी विचारलं होतं: "पानं कडंनं वाळायलीत, कोंब ओढला की हातात येतोय, गड्डा दाबला की पाणी निघायलंय." हळद लावणारा कुणीही सांगेल, ही कंदकूज, म्हणजे जमिनीतला गड्डा सडायचा रोग. मिनिटभरात एका खात्यावरून उत्तर आलं. "हळद पिकामध्ये पाने वाळणे ही एक सामान्य समस्या असून योग्य व्यवस्थापनाद्वारे तिच्यावर मात करता येते." खाली पाच मुद्दे. चौथ्या मुद्द्यात एका औषधाचं नाव आणि प्रमाण, तेही डब्यावर छापलंय त्याच्या दुप्पट. त्यानंतर तासाभरानं आमच्या काकांनी लिहिलं: "आधी सरीतलं पाणी काढून दे. कुजलेले गड्डे उपटून बांधाच्या बाहेर लांब टाक. वाफसा आला की ट्रायकोडर्माची (कूज रोखणारी मित्रबुरशी) आळवणी कर. कॅनॉलला पाणी सुटलं तरी लगेच घेऊ नको. फोटो टाक, मग औषधाचं बघू." दोन्ही उत्तरं एकाखाली एक होती. त्या बाईंनी वरचं वाचलं आणि नवऱ्याला दुकानात पाठवलं. दुकानदार ओळखीचा, त्यानं प्रमाण बघून त्यांना परत धाडलं, म्हणून निभावलं.

मग आम्ही त्या खात्याचं मागचं लिखाण काढलं. स्वतःला वीस एकरवाला शेतकरी म्हणवत होतं आणि एकाला सांगितलेलं, "हळदीचे बियाणे एकरी ३ किलो पुरेसे आहे." आपल्याकडं हेक्टरी २५ क्विंटल, म्हणजे एकरी दहा क्विंटल गड्डे लागतात, हे शाळेतलं पोरगं सांगेल. आणखी शोधलं तर चार वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवरून तेच एक औषध निघालं. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आम्ही कुणी विसरलेलो नाही. चुकीचं प्रमाण म्हणजे नुसती चुकीची माहिती नसते, ते पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर येतं.

म्हणून तिघांनी बसून दार लावलं. नवीन खात्याला ईमेल पाहिजे, मोबाईलवर ओटीपी, चित्रांचा कॅप्चा (माणूस आहात हे पटवायला सांगितलेली चित्रं निवडायची चाचणी), आणि स्वतःची ओळख चार ओळींत. पहिले काही आठवडे शांतता होती. मग बॉट पुन्हा आले. आले नाहीत ते लोक.

मी केंद्रात बसते, त्यामुळं कोण कुठं अडकतंय ते मला समोर दिसतं. चित्रं काय येतात बघा: फायर हायड्रंट, झेब्रा क्रॉसिंग, पिवळी स्कूल बस, ट्रॅफिक सिग्नल. साठीतला माणूस माझ्या काउंटरवर मोबाईल ठेवून विचारतो, "ताई, यातलं हायड्रंट कुठलं?" हायड्रंट म्हणजे आग विझवायला पाणी घ्यायचा नळ, तो अमेरिकेच्या फुटपाथवर असतो, आमच्या गावाला फुटपाथच नाही. तो अंदाजानं तीन चौकोन दाबतो, परत नवीन चित्रं येतात, परत दाबतो, आणि मोबाईल खिशात घालून उठतो. त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

ओटीपीचं तर विचारूच नका. आमच्यात एक आजी आहेत. बेण्याचे गड्डे पावसापर्यंत कसे टिकवायचे, सावलीत ढीग कसा लावायचा, हळदीच्याच पाल्यानं कसा झाकायचा, कधी उघडून सडका गड्डा वेचायचा, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्या सांगायच्या, नातू टाईप करायचा. सिम कार्ड त्यांच्या मुलाच्या नावावर आहे आणि मुलगा चाकणला कंपनीत. खात्याला त्याचाच नंबर, म्हणजे ओटीपी चाकणला जातो. तो शिफ्टमधून सुटून फोन करीपर्यंत आकडा मेलेला असतो. आजींचं शेवटचं उत्तर उन्हाळ्यातलं आहे. आणि घरात एकच मोबाईल असणाऱ्या बायका तर मोजायच्या बाहेर.

आता आमच्यात दोन मतं आहेत. काका म्हणतात, ओळखीच्यांनाच आमंत्रण देऊ. तरुण सहकारी म्हणतो, सरळ आधार जोडू. आधारला माझा विरोध आहे. ज्यांचे हात वर्षभर मातीत आणि गड्ड्यांत असतात त्यांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हे मी रोज बघते, आणि हळदीवर चार शब्द बोलायला कुणी आधार नंबर का द्यावा?

तुमच्यापैकी कुणी अशी जागा चालवली असेल, वापरली असेल, किंवा दारात अडकला असाल तर सांगा. बॉट बाहेर आणि आजी आत, असं कसं जमवायचं?

---

कापूस_ते_कोड (छत्रपती संभाजीनगर)

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढू. चित्रांचा कॅप्चा आता बॉट अडवत नाही. २००० च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लोकांनी तो तयार केला तेव्हा वेडीवाकडी अक्षरं यंत्राला वाचता येत नव्हती. २००७ मध्ये त्याच विद्यापीठातून रीकॅप्चा आला, जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचून घ्यायला लोकांचे ते सेकंद वापरले गेले. २००९ मध्ये गुगलनं तो विकत घेतला. २०१४ मध्ये गुगलनंच जाहीर केलं की त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर सगळ्यात अवघड अक्षरंही ९९.८ टक्के बरोबर वाचतं. मग चित्रं आणि 'मी रोबोट नाही'ची चौकट आली. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी खरी माणसं बसवून मोजलं. वाकड्या अक्षरांना माणसांना ९ ते १५ सेकंद लागले, चुकाही भरपूर. बॉट एका सेकंदाच्या आत आणि जवळपास बिनचूक. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या लोकांनी चित्रांचे कॅप्चे शंभर टक्के सोडवून दाखवले. शिवाय पैसे देऊन माणसांकडून कॅप्चा सोडवून घेणाऱ्या सेवा कधीपासून आहेत. म्हणजे तुमचं दार आज फक्त माणसालाच जड आहे.

आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखायचा आकडा) बंद करायचा मोह कुणाला होत असेल तर तेही नको. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. एक बॉट म्हणून पत्ता बंद कराल आणि आख्खं कुरुंदा गाव बाहेर जाईल.

मी काय करीन: नोंदणीच्या अर्जात एक लपवलेला रकाना ठेवीन. माणसाला दिसत नाही म्हणून तो रिकामा सोडतो, साधा बॉट दिसेल ते भरतो, तिथं पकडला जातो. अर्ज दोन सेकंदांत भरून आला तर बाजूला काढायचा. नवीन खात्याला लिंक टाकता येऊ नये. आणि पहिले दोन-तीन निरोप माणसानं वाचूनच पुढं सोडावेत. लिंकवाल्यांपैकी बहुतेक एवढ्यात गळतात.

मराठी लिहिणाऱ्या दुसऱ्या जातीला मात्र यातलं काही पुरणार नाही, हे स्पष्ट सांगतो. तिच्यामागं बहुतेक माल विकणारा माणूस बसलेला असतो. तो खातं हातानं काढतो, ओटीपी स्वतःच्या मोबाईलवर घेतो आणि उत्तरं तेवढी यंत्राकडून लिहून आणतो. त्याला अडवणारं तंत्र माझ्याकडं नाही. हळद कळणारा माणूसच त्याला पकडणार, जसं तुम्ही एकरी तीन किलोवर पकडलंत.

---

लातूरचा_शिक्षक

ताई, मी दृष्टिहीन आहे. मोबाईलवरचं सगळं मला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. तुमच्या हायड्रंटवर अडकलेल्या काकांचं वाचलं आणि बोलल्याशिवाय राहवलं नाही.

चित्राला पर्याय म्हणून आवाजाचा कॅप्चा देतात. तो माझ्या वाट्याला कायम इंग्रजीतच आलाय. अमेरिकी उच्चार, मागं मुद्दाम घातलेली खरखर. मी एम. ए. बी. एड. आहे, तरी मला तीनदा ऐकावं लागतं. माझ्या गावाकडच्या दृष्टिहीन मित्रानं काय करायचं? वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी संस्थेनं कॅप्चा अपंगांना कसा बाहेर ठेवतो हे २००५ मध्येच लिहून ठेवलंय. आपल्याकडं दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण केवायसीचं, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याचं होतं. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडा म्हणणारी यंत्रणा अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना आणि आमच्यासारख्यांना जिवंत माणूसच मानत नव्हती. माणूस असल्याचा पुरावा मागणाऱ्या प्रत्येक यंत्रणेला तो निकाल लागू पडतो असं मी म्हणत नाही, पण दार बांधणाऱ्यानं तो वाचावा.

वरच्या दादांना एक विनंती. तुमचा लपवलेला रकाना डोळ्यांना दिसत नाही, पण तो नीट लपवला नसेल तर माझा स्क्रीन रीडर तो मोठ्यानं वाचतो. मी प्रामाणिकपणे तो भरतो, आणि तुमची यंत्रणा मला बॉट ठरवून हाकलते. हे माझ्या बाबतीत झालेलं आहे, आणि का हाकललं ते कुणी सांगितलंही नाही. तो रकाना स्क्रीन रीडरपासूनही लपवा, टॅबनं तिथं पोचता येऊ नये असं करा, आणि तरी कुणी पोचलाच तर "हा रकाना रिकामा ठेवा" असं मराठीत लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

---

मोसंबीवाला_जालना

मला काकांचं पटतं. आमचा मोसंबीचा गट आहे, आमंत्रणाशिवाय कुणी येत नाही. फळगळीच्या दिवसात कुणी काय फवारलं, कुणाचं पाणी कमी पडलं, सगळं खरंखुरं येतं, कारण प्रत्येक जण कुणाच्या तरी ओळखीचा आहे. उघडं रान ठेवलं की जनावर शिरणारच. ताई, तुम्ही सगळ्यांना घ्यायला बघताय, ते चांगलंच आहे. पण एका चुकीच्या डोसानं एखाद्याचं वर्ष गेलं तर तो तुमच्या दारात येईल, माझ्या नाही. आधी आहेत ती माणसं सांभाळा, बाहेरच्यांचं मग बघा.

---

वसमतची_केंद्रवाली

@मोसंबीवाला भाऊ, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. जबाबदारी आमची आहे, म्हणून तर झोप उडाली. पण आमंत्रण कसं फिरतं ते मी गावात बघितलंय. काकांनी कागदावर पहिली यादी काढली, ती मी नावं घेऊन वाचली. बहुतेक भावकी, सोयरे, आणि मोंढ्यात सोबत बसणारे. सगळी चांगली माणसं. पण त्या यादीत बाई एकही नव्हती. दुसऱ्याची हळद बटाईनं करणारा एकही नव्हता. शिजवायच्या कढईवर उभं राहणाऱ्या, पॉलिशच्या ढोलावर काम करणाऱ्या मजुरांपैकी कुणी नव्हतं. आमच्या गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतलंही कुणी नव्हतं, आणि तिथं अर्ध्या-अर्ध्या एकरात हळद लावणारी घरं आहेत. काकांच्या मनात काही नव्हतं हे मी शपथेवर सांगते. ओळख जिथं आहे तिथंच आमंत्रण जातं, एवढंच.

आणि हळद नेमकी कधी शिजली हे मालकापेक्षा कढईवरच्या बाईला जास्त कळतं. फेस आला, वाफेला हळदीचा वास सुटला, काडी टोचली की सहज आत गेली, हे ती बघून ओळखते. कच्ची राहिली तर रंग मार खातो, जास्त शिजली तर हळकुंड वाळताना बिघडतं आणि मोंढ्यात भाव पडतो. ती बाई आमच्या चर्चेत नसेल तर तिथं काय उरलं? दुकानदार, सल्लागार आणि बॉट. तिघांनाही काहीतरी विकायचंय.

म्हणून मला ओळखीची साखळी चालेल, पण ती एकाच घरातून निघता कामा नये. बचत गटाच्या सीआरपी ताईंनी (गावातल्या गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्या) "ही आमच्या गटातली आहे" म्हटलं तर पुरे. आशाताईंनी म्हटलं तरी पुरे. माझ्या केंद्रात येऊन समोर उभं राहिलं तर त्याहून चांगलं. ओटीपीची गरज काय?

---

मोसंबीवाला_जालना

यादीचं म्हणालात ते खरं आहे. आमच्या गटातही बाई नाही, हे तुमचं वाचल्यावर ध्यानात आलं. सीआरपी ताईंचं जमण्यासारखं आहे. पण डोसाचं काय, ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

---

पूर्णाकाठचा

ताई, मी लिहायला कच्चा हाय, जसं यील तसं लिहितो. आमचा दीड एकर हळद. म्या तुमच्या त्या जागेवर दोनदा जायचं बघितलं. पहिल्यांदा इंग्रजी अक्षरं भरा म्हणलं. दुसऱ्यांदा चार ओळी ओळख लिहा म्हणलं. आता मी काय लिहू? नाव, गाव, दीड एकर. तीन शब्दांत झालं. त्ये म्हणायलंय किमान शंभर अक्षरं पाहिजेत. सोडून दिलं.

तुमचा बॉट शंभर काय हजार अक्षरं लिहील. लिहिणं त्याचंच काम हाय. आमचं काम बोलायचं हाय. माझ्या मायला इचारा कंदमाशी कवा येती, ती तासभर सांगती, पण तिला अक्षर येत नाही. तर आवाज टाकायची सोय करा की. मोबाईल तोंडाजवळ धरायचा, बोलायचं, सोडून द्यायचं. ऐकणाऱ्याला दोन मिनिटात कळतंय माणूस रानातला हाय का नाही. मागं बैलाची घंटी, मोटारीचा आवाज, पोरगं रडायलंय, सगळं ऐकू येतंय.

आन सीझनमधी आमच्यातले लई जण ऊसतोडीला कर्नाटकात जायलेत. रिचार्ज संपतो, कार्ड बंद पडतं, आल्यावर नवा नंबर. दरसाली नवा माणूस झाल्यासारखं. जुन्या नावानं परत घ्या म्हणजे झालं.

---

परभणी_बीएस्सी_कृषी

सगळं वाचलं. एक अडचण मांडतो, कारण मी स्वतः त्यात बसतो. माझे वडील बोलतात आणि मी ते एआयकडून नीट मराठीत लिहून घेतो. माहिती वडिलांची, वाक्यं यंत्राची. आमच्या तुरीवर मर रोग आला होता तेव्हा बीडीएन-७११ या तुरीच्या वाणाचा त्यांचा अनुभव मी एका ठिकाणी असाच टाकला. "बॉट आहेस" म्हणून काढून टाकला. वडिलांना वाईट वाटलं, त्यांनी परत काही सांगितलं नाही.

बंदी घालणाऱ्यांची बाजूही मला कळते. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटनं डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीची उत्तरं बंद केली, कारण दिसायला बरोबर आणि आतून चुकीची अशी उत्तरं इतकी यायला लागली की तपासणारी माणसं पुरेनात. आणि २०२५ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवरचं झुरिक विद्यापीठाचं प्रकरण बाहेर आलं. तिथल्या संशोधकांनी वादविवादाच्या एका गटात कुणाला न सांगता एआयनं लिहिलेल्या प्रतिक्रिया सोडल्या. त्यातली काही खाती स्वतःला अत्याचारातून गेलेली व्यक्ती म्हणवत होती, एक मानसोपचाराचं काम करणारी म्हणवत होतं. लोक मनापासून उत्तरं देत बसले. उत्तर देणारे सगळे खरे, समोर मात्र कुणीच नव्हतं.

माझ्या वडिलांच्या लिखाणात आणि त्यात फरक आहे, पण तो वाक्यांत दिसणार नाही. म्हणून वाक्यांवरून माणूस ओळखायचं बंद करा, असं मला म्हणायचंय. लिहिणाऱ्याला परत विचारा. कुठल्या शिवारात? जमीन कशी, पाणी कशाचं? यंदा काय झालं? वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी बांधावरच्या बोरीच्या झाडापर्यंत सांगितलं असतं. यंत्रही काहीतरी ठोकून देईल, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला त्याच गावचा कुणीतरी म्हणेल की तिकडं कॅनॉलच नाही.

---

कापूस_ते_कोड

@लातूरचा_शिक्षक सर, रकान्याचं तुम्ही सांगितलंत ते मी आजवर कुठल्याच प्रकल्पात तपासलं जाताना पाहिलं नव्हतं. मसुदा करून तुमच्याकडं पाठवतो, तुमच्या मोबाईलवर चालला तरच ताईंना देईन.

@पूर्णाकाठचा भाऊ, आवाजाचं आधी झालेलं आहे. छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वर चाललं. लोक साध्या फोनवरून नंबर लावून बोलायचे, गोंडीतसुद्धा. रेकॉर्ड झालेला निरोप माणसं ऐकायची, पडताळायची आणि मग तो सगळ्यांना ऐकायला मिळायचा. स्मार्टफोन नको, अक्षरओळख नको. यंत्रानं आवाजही बनवता येतो आता, त्यामुळं मागं ऐकणारा माणूस लागणारच.

---

वसमतची_केंद्रवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही तिघं बसलो, लातूरच्या सरांना फोनवर घेतलं. काय ठरलं ते सांगते.

कॅप्चा काढला. ओटीपी काढला. शंभर अक्षरांची अट काढली. नाव, गाव, काय लावता, बस. वाचायला सगळं उघडं, खातं नसलं तरी. बोलायचं असेल तर आवाजाचा निरोप चालेल, आमच्यातलं कुणीतरी तो ऐकून खाली थोडक्यात लिहील, म्हणजे पुढच्या जूनमध्ये शोधता येईल. नवीन माणसाचे पहिले निरोप आमच्यापैकी एक जण वाचून किंवा ऐकून सोडेल. शंका आली तर आम्ही निरोप काढून टाकणार नाही, परत प्रश्न विचारू, आणि अडवलं तर का अडवलं ते मराठीत सांगू. एआयकडून लिहून घेतलं तरी हरकत नाही, पण रान कुणाचं ते खाली पाहिजे. नंबर बदललेल्यांना जुन्या नावानं परत घेऊ, कुणीतरी ओळख सांगितली की झालं.

@मोसंबीवाला भाऊ, आता डोस. यावर तिघांचंही एकमत झालं. औषधाचं नाव आणि प्रमाण असलेला कुठलाही निरोप, नव्याचा असो की जुन्याचा, काकांचा स्वतःचा असला तरी, दुसऱ्या जाणत्या माणसानं बघितल्याशिवाय दिसणार नाही. डब्यावरच्या लेबलाचा फोटो सोबत पाहिजे. तोवर विचारणाऱ्याला किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आणि पाण्याचा निचरा, कुजलेले गड्डे काढणं असली बिनऔषधाची कामं सांगायची. कडक नियम एवढ्या एकाच जागी ठेवला, कारण जीव तिथं जातो.

काकांना आमंत्रणाचा हट्ट सोडणं जड गेलं. शेवटी म्हणाले, "बाया आल्या तर मी वाचायला बसतो रोज." त्यांनी सकाळची पाळी घेतली. दुपारची माझी, केंद्रात गर्दी नसते तेव्हा. आजींच्या खात्याला माझ्या केंद्राची ओळख लावून दिली. नातवानं रात्रीच आवाज पाठवला, बेण्यावर नाही, भावावर बोलल्यात आणि व्यापाऱ्यांवर चांगल्याच तापल्यात. तसाच सोडलाय.

संध्याकाळची पाळी रिकामी आहे, आणि निरोप तेव्हाच जास्त येतात. अर्धापूर किंवा पूर्णेकडचं, हळद स्वतः लावणारं कुणी रोज अर्धा तास देऊ शकत असेल तर इथंच सांगा. बाई असेल तर आधी तिला विचारीन. @पूर्णाकाठचा भाऊ, तुमच्या आईला कंदमाशीचं सांगायला बसवा. कुणी तपासायचं ते बघते.